एक वही गाण्याची, एक हिशेबाची

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धरणगावच्या पेठेत जवळपास प्रत्येक दुकानात लाल कापडी बांधणीच्या कोऱ्या वह्या पाटावर मांडलेल्या असतात. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, दोन्ही बाजूंना शुभ-लाभ आणि मधोमध उतरंडीसारखी रचलेली 'श्री'ची रांग. हिशेब आता संगणकात गेला तरी वही पुजली जातेच, आणि ती पुजून झाली की संगणकालाही कुंकवाचं बोट लागतं. शाळेत असताना मी ही 'श्री' लिहून द्यायला जायचो. अक्षर बरं होतं, त्यामुळे दोन-चार दुकानदार हौसेनं बोलावायचे. एका वहीमागे दोन पेढे मिळत. पुढे वर्षभर त्या वहीत सरकीच्या पोत्यापासून हमालीपर्यंत सगळं चढायचं. पहिल्या पानावरची अक्षरं कोणी काढली आणि त्याचं काय द्यायचं, हे मात्र कुठल्याच खात्यावर पडायचं नाही. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पेढे चांगले असत.

खानदेशात 'वही' म्हटलं की आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे येते. डफाच्या तालावर रात्र-रात्र चालणारी कथागीतं, वहीगायन. देवादिकांच्या, राजा-राणीच्या, घरातल्या सासू-सुनेच्या गोष्टी गाऊन सांगणारी ही मंडळी दिवसा शेतात राबतात आणि रात्री डफ शेकायला शेकोटीपाशी बसतात. गाण्याची वही आणि हिशेबाची वही एकाच जिल्ह्यात, बऱ्याचदा एकाच गल्लीत नांदतात. एकीचा माणूस सहसा दुसरीकडे फिरकत नाही.

हिशेब या गावाला नवा नाही. सतराव्या शतकात इंग्रज कंपनीची वखार धरणगावात होती, ती इथल्या कापडासाठी. १६७५च्या सुमारास मराठी फौजेनं गाव लुटलं, त्यात वखारीचाही माल गेला. मग त्या नुकसानीची भरपाई मागायला कंपनीचा माणूस थेट शिवाजी महाराजांच्या दरबारी गेला. म्हणजे लूट झाली तरी दावा सोडायचा नाही, ही चिकाटी पाहा. आज गावाभोवती जिनिंग आहेत. कापूस घेऊन येणारा शेतकरी कितीही थकलेला असो, काट्यावरचा आकडा स्वतः वाचतो आणि पट्टी घेतल्याशिवाय हलत नाही. वजन किती, भाव काय, तूट किती धरली, हातात काय पडलं, सगळं त्या चिटोऱ्यावर असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की खानदेशातल्या कलावंताला अशी पट्टी कधी मिळाली नाही, आणि त्यानंही ती मागितली नाही.

याच गावात १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे जन्मले. वडील पोलीस खात्यात, त्यामुळे बिऱ्हाड सतत फिरतं. १९०७ साली जळगावात पहिलं कविसंमेलन भरलं, कर्नल कीर्तिकर अध्यक्ष होते. सतरा वर्षांच्या या पोरानं तिथे कविता म्हटली आणि 'बालकवी' हे नाव घेऊनच तो बाहेर पडला. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याला अहमदनगरला आपल्या घरी नेलं. टाळ्या, पदवी, थोरामोठ्यांची माया हे सगळं विशीच्या आतच मिळालं. 'मनोरंजन' मासिकाच्या का. र. मित्रांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हा बालकवी एकोणीस वर्षांचे होते. मराठीत साहित्याचा बाजार उभा राहत होता, तो नेमका त्यांच्या डोळ्यांसमोर. पण त्या बाजारात अंक विकायची सोय झाली होती, कवीच्या घरी पीठ पोचायची नव्हती. बालकवींनी शिक्षकी केली, गावं बदलली, ओढाताण कधी संपली नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना मालगाडीखाली ते गेले. अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुस्तकं निघाली ती सगळी मागाहून. आज त्यांची कविता कोणीही छापावी, कोणीही चाल लावून गावी. हक्काची मुदत कधीच संपली.

आमच्याकडे मुलाला चित्रकलेकडे किंवा गाण्याकडे ओढ दिसली की घरची माणसं बालकवींचं नाव काढतात. कौतुकानं काढतात आणि धाक म्हणूनही.

मला तो धाक लागू पडला नाही. दहावीपर्यंत चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएट झाली होती, मग खानदेशातल्याच एका कला महाविद्यालयात गेलो. तिथे स्थिरचित्र, निसर्गचित्र, अक्षरलेखन, छायाभेद सगळं शिकवलं. बिल कसं लिहावं यावर एक तासही झाला नाही. गावी परतलो आणि बोर्ड रंगवायला लागलो. तेव्हा फ्लेक्स यायचा होता. पत्र्याला प्रायमर मारायचा, घासायचा, दोन हात इनॅमल, मग खडूनं ओळी आखून अक्षरं. आठ बाय तीनच्या बोर्डाला दोन दिवस जात, सावलीचं काम असेल तर तीन. दर ठरलेला नसायचाच. गिऱ्हाईक म्हणायचं, "करी टाक भाऊ, पैसा कोठे जातस?" आणि खरंच, ते कुठेच जायचे नाहीत. त्याच्याच गल्ल्यात राहायचे. रंगाचा डबा मी उधारीनं आणायचो आणि काम उधारीनं द्यायचो. दोन उधाऱ्यांच्या मध्ये मी उभा. एका दवाखान्याचा मोठा बोर्ड करून दिला, त्याचे पैसे 'दिवाईले दिसू' म्हणत तीन दिवाळ्या गेल्या. चौथ्या दिवाळीला फराळाचं बोलावणं आलं. गेलो, चिवडा खाल्ला, बोर्डाकडे बघत परत आलो. अक्षरं अजून चकचकीत होती. काम चांगलं झालं होतं, हाच त्यातला वैताग.

शिकलो ते बँडवाल्याकडून. आमच्या गल्लीच्या टोकाला बँडचं दुकान होतं, ट्रम्पेट खुंटीला टांगलेली, ढोल एकावर एक रचलेले. मालकांना सगळे आप्पा म्हणत. त्यांच्या गाडीवर नाव रंगवायला गेलो तेव्हा त्यांनी डायरी उघडली. लग्नाची तारीख, गाव, मुलाकडचे की मुलीकडचे, माणसं किती, वाजवायचे तास किती, हळदीला वेगळं की त्यातच, जेवण कोणाचं, जनरेटर कोणाचा, बयाणा किती, बाकी किती आणि ती कधी. बाकीच्या रकान्यात लिहिलं होतं: वरात दारात येण्याआधी. मी विचारलं, आधी का? आप्पा हसले. नवरी घरात गेली की बँडवाला कोणाला दिसतो? शिवाय त्यांच्या डायरीत एक नियम होता, तो त्यांनी बोलून दाखवला: "बयाणा येस नही तवलगुन तारीख कोरीच शे, भाऊ." तारीख तोंडी दिलेली असो, पाहुणा सख्खा असो, बयाणा आला नाही तर पान कोरं. मग त्यांनी खिशातून माझ्या कामाचे निम्मे पैसे काढून हातावर ठेवले आणि म्हणाले, लिही. माझ्याकडे लिहायला वहीच नव्हती. त्यांनीच मागच्या वर्षीची अर्धी कोरी डायरी दिली. आप्पांचं शिक्षण किती होतं, मी कधी विचारलं नाही. मला मात्र पाच वर्षांत महाविद्यालयानं जे दिलं नव्हतं ते त्या दुपारी मिळालं.

बँडवाल्यांना आणि तमाशावाल्यांना आपण कलावंतांच्या पंगतीत शेवटी बसवतो. व्यवहारात मात्र त्यांचं पान पहिलं. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीबाहेर फडाच्या नावाचा फलक, आत टेबल, भिंतीवर कलाकारांचे फोटो, पुढ्यात पंचांग आणि तारखांची वही. गावोगावचे कारभारी यात्रेची तिथी घेऊन येतात, चार राहुट्या फिरतात, घासाघीस करतात, सुपारी ठरते, इसार दिला जातो. रंगमंच किती फुटांचा, पाणी कोणी भरायचं, सकाळी हजेरीचा कार्यक्रम होणार की नाही, तेही बोललं जातं. खानदेशातले फडही याच हिशेबानं चालतात. नावाची किंमतही तमाशानं फार आधी ओळखली. काळू-बाळू कवलापूरकर, दत्ता महाडिक पुणेकर, मंगला बनसोडे करवडीकर. नाव आणि गाव मिळून एक छाप. जाहिरात कंपन्या आता यालाच ब्रँड म्हणतात आणि त्यावर शिबिरं घेतात.

पण त्या व्यवहाराच्या पोटातही एक भोक आहे. हंगाम दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत. पावसाळ्याचे महिने रिकामे. त्या महिन्यांत कलाकार फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडत नाचतो, ढोलकी वाजवतो. फडमालक ती उचल देण्यासाठी सावकाराकडून व्याजानं घेतो. यात्रेच्या रात्री वळवाचा पाऊस आला तर तिकिटाचा खेळ बुडतो आणि तोटा साखळीनं खाली उतरतो, तळाशी जो आहे त्याच्यापर्यंत. २०२० आणि २०२१ मध्ये सलग दोन हंगाम करोनानं खाल्ले तेव्हा या साखळीचं प्रत्येक कडं उघडं पडलं. सरकारनं मग लोककलावंतांना एकरकमी पाच हजार रुपये जाहीर केले. उचलीच्या डोंगरापुढे पाच हजार म्हणजे काय, हे फडावरची माणसंच सांगू शकतील. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली. २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याच्या खर्चासाठी लोकांकडून मदत गोळा करावी लागली होती. आता त्यांच्या नावानं शासनाचा जीवनगौरव पुरस्कार आहे.

व्यवहार न कळणं हा फक्त गरिबांचा दोष समजू नका. बालगंधर्वांनी १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांना सोबत घेऊन नाटक मंडळी काढली. नाटकाला खरे शालू, खरं अत्तर, झगझगीत देखावे. खेळ भरगच्च आणि तिजोरी फुटकी. १९२१पर्यंत भागीदार बाजूला झालेले आणि मंडळीवर लाखाच्या वर कर्ज. तेच वर्ष 'संयुक्त मानापमान' नाटकाच्या प्रयोगाचं, शंभर रुपये तिकिटाचं. तो पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. दुसऱ्यासाठी शंभरचं तिकीट विकू शकणारा नट स्वतःच्या देणेकऱ्यांपुढे हतबल होता. आमच्या चाळीसगावात केकी मूस होते. आयुष्याची जवळपास पन्नास वर्षं त्यांनी घराबाहेर न पडता चित्रं आणि टेबलटॉप छायाचित्रं केली. घरचं दुकान होतं म्हणून ते निभलं. वडिलांचं दुकान नसलेल्यानं त्यांचा कित्ता गिरवू नये.

उलट उदाहरण लंडनचं आहे. विल्यम होगार्थ नावाचा चित्रकार आपल्या चित्रांच्या छापील प्रती विकून जगायचा. बाजारातले छापेवाले त्याची नक्कल करून स्वस्तात विकायचे. त्यानं आणि सोबत्यांनी पार्लमेंटकडे अर्ज केला आणि १७३५ मध्ये कायदा झाला. त्यानं आपली नवी चित्रमालिका तयार असूनही कायदा लागू होईपर्यंत दाबून ठेवली. तेवढा धीर धरणं मला सगळ्यात अवघड वाटतं. आपल्याकडे तसंच भांडण २०१२ मध्ये जावेद अख्तरांनी राज्यसभेत लावून धरलं आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा कायद्यात आला. करारात 'हक्क सोडला' असं लिहून घेतलं तरी तो वाटा सुटत नाही.

हे मी इतक्या तपशिलानं सांगतोय कारण आज खानदेशात गाण्याचा धंदा खरोखर उभा राहिलाय. अहिराणी गाणी यूट्यूबवर धो-धो चालतात. 'केसावर फुगे'पासून 'झुमकावाली पोर'पर्यंत ज्यांना अहिराणीचा 'अ' येत नाही अशी माणसंही त्यावर नाचली. गावागावांत पोरं कॅमेरा, ड्रोन, साडी, मेकअप घेऊन शेताच्या बांधावर शूटिंग करतात. १,००० वर्गणीदार आणि वर्षात ४,००० तास पाहणं झालं की जाहिरातीचा वाटा मागता येतो. १० डॉलर जमले की गुगल पत्त्याची खात्री करायला टपालानं एक पाकीट पाठवतं, आत आकड्यांचा पिन. १०० डॉलर भरल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. आमच्याकडे एका पोराचं ते पाकीट तीनदा परत गेलं, कारण पत्ता लिहिताना त्यानं फक्त गावाचं आणि मारुतीच्या देवळाचं नाव टाकलं होतं. चौथ्यांदा पोस्टमननं त्याला फोन केला.

खरी गोम पाकिटाच्या आत नसते. चॅनल कोणाच्या ईमेलवर आहे? गाणं लिहिलं एकानं, चाल दुसऱ्याची, आवाज तिसऱ्याचा, नाचली चौथी, आणि पैसे येतात पाचव्याच्या खात्यात. गायकाला एका गाण्याचे रोख काही हजार, जेवण, गाडीचं पेट्रोल. गाणं कोटीत गेलं तरी त्याला तेवढंच. यात दरवेळी फसवणूक असते असं मी म्हणणार नाही. चॅनलवाल्यानं दहा गाणी बुडवलेली असतात तेव्हा एक चालतं. पण कागद कोणाकडेच नसतो. कॉपीराइट कायद्याचं म्हणणं साधं आहे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. गाणं रचलं त्या क्षणी हक्क रचणाऱ्याचा, नोंदणी करो न करो. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या 'ओके भाऊ'ला फार तर पुरावा म्हणता येईल, करार नाही.

चित्रकार-फोटोग्राफरांसाठी त्याच कायद्यात एक खाच आहे, ती मला पन्नाशीत कळली. गिऱ्हाइकानं पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र, व्यक्तिचित्र किंवा फोटो असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्काचा पहिला मालक गिऱ्हाईक. म्हणजे मी कोणाच्या आजोबांचं तैलचित्र केलं आणि त्यानं ते उद्या कॅलेंडरवर छापलं, तर मला गप्प बसावं लागेल. चित्रावरचं नाव मात्र त्याला पुसता येत नाही. म्हणून आता दरपत्रकात एक ओळ जास्त टाकतो. तिचे पैसे लागत नाहीत.

कराच्या बाबतीत मी गाढवपणा केलाय, तोही सांगून टाकतो. एका कार्यालयात भिंतीवर चित्र केलं, ठरले ४०,००० आणि धनादेश आला ३६,००० चा. तिथल्या कारकुनानं चार हजार खाल्ले अशी माझी खात्री झाली. दोन वर्षं त्या माणसाला मी मनात शिव्या दिल्या, रस्त्यात दिसला तर नजर फिरवली. पुढे जळगावच्या एका सीएनं माझ्या पॅनवर पाहून सांगितलं, हे तुमचेच पैसे, दहा टक्के टीडीएस कापून सरकारात जमा आहेत, विवरणपत्र भरलं असतं तर परत मिळाले असते. कारकुनाला जाऊन भेटलो. त्याला काही आठवतही नव्हतं. त्यानं चहा पाजला.

लोककलावंतांना जीएसटीचा धाक घालणारे आयोजक भेटतात. लोककलेच्या किंवा शास्त्रीय कलेच्या कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, एवढं पाठ असलं तरी पुरतं. सरकारी योजनांच्या याद्या मी इथे देत बसणार नाही. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन २०२४ मध्ये महिना पाच हजार झालं, ते बरं झालं. केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात मूर्तिकार आहे, कुंभार आहे, शिंपी आहे, फुलांचे हार करणारा आहे. बोर्ड रंगवणारा पेंटर नाही. योजना २०२३ ची. तोवर फ्लेक्सनं आम्हाला मोजणीतूनच काढलं होतं.

मी आता बोर्ड करत नाही. पुस्तकांची मुखपृष्ठं करतो, शाळांच्या भिंती रंगवतो, आणि रविवारी कोणी आलं तर त्याचं बिल लिहायला बसतो. वहीगायनातले एक बाबा आले होते. एका महोत्सवात गायला बोलावलं होतं, "मानधन यथाशक्ती" असं पत्रात होतं. मी म्हटलं, बाबा, आकडा विचारू या. ते म्हणाले, देवाचं गाणं आहे, आकडा कसा विचारायचा? मी विचारलं, डफाचं चामडं कोण देतं? त्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी बोटं मोजली. चामडं, सात माणसांचं येण्या-जाण्याचं भाडं, दोन दिवसांची बुडालेली मजुरी. आम्ही ते लिहिलं. खाली गाण्याचे पैसे म्हणून एक वेगळी ओळ टाकली, तिच्यापुढचा आकडा बाबांनी तीनदा कमी करायला लावला. पत्र गेलं. आयोजकांनी सगळं मान्य केलं, जेवण धरून.

गाण्याची ओळ आम्ही फार खाली आणली होती, हे तेव्हा कळलं.

आप्पांची डायरी अजून माझ्याकडे आहे. कोरी पानं कधीच संपली, आता मी साध्या दोनशे पानी वहीत लिहितो. हा लेख लिहायला घेण्याआधी संपादकांना मानधन किती आणि छापण्याचा हक्क एकदाच का, असं विचारलं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, आकड्यासह. वहीत चढवलंय.